पुण्यातलं जुनं देऊळ आणि बदलती मंडळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न उपासना संपल्यावर पायऱ्यांवर विचारले जातात, दफनभूमीत विचारले जातात, कधी रात्री मेलबर्नहून किंवा दुबईहून आलेल्या फोनवर. आम्ही चर्चच्या इमारतीला देऊळ म्हणतो आणि तिथे उपासनेला जमणाऱ्या ख्रिस्ती समाजाला मंडळी. आमची मंडळी पुण्याच्या पूर्व पेठांतली, मराठी, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमधली. कॅथलिक शेजाऱ्यांची पद्धत वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे. माझ्याकडे नोंदवह्यांचं काम आहे, त्यामुळे उत्तरं वरचेवर त्या कपाटाकडे वळतील. बदलाला माझी हरकत नाही. मंडळीला न सांगता आणि कुठे न लिहिता केलेल्या बदलाला मात्र आहे, आणि पुढची बहुतेक उत्तरं त्याच काळजीतून आली आहेत.

आपलं देऊळ बंद होणार आहे का?

नाही. उपासनेची वेळ बदलली की ही आवई उठतेच. सकाळच्या दोन मराठी उपासनांची एक केली, कारण माणसं लांब राहायला गेली. नाना पेठ, गुरुवार पेठ, कॅम्पात भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबं हडपसर, वडगाव शेरी, वाघोली, उंड्री, पिंपरी-चिंचवडला गेली. वाडे पडले, तिथे इमारती झाल्या, त्यांतली घरं परवडेनात. आठ वाजताच्या उपासनेला वाघोलीहून दोन बस बदलून येणाऱ्या आजींनी निघायचं किती वाजता? म्हणून साडेनऊ.

देऊळ बंद करणं एकट्या पाळकसाहेबांच्या हातात नसतं, आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्याही एकटीच्या नसतं. धर्मप्रांताची, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाची, कौन्सिल आणि मालमत्तेचे विश्वस्त यांच्याशिवाय ते होत नाही. कॅथलिकांत धर्मग्राम (पॅरिश) रद्द करण्याचा किंवा दुसऱ्यात विलीन करण्याचा अधिकार बिशपांचा, पण धर्मगुरूंच्या परिषदेचं मत ऐकल्याशिवाय त्यांनाही तसं करता येत नाही.

पुण्यातली मंडळी पूर्वी जास्त स्थिर होती का?

नव्हती, आणि हे तरुणांना मी आवर्जून सांगते. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला जागा दिली सवाई माधवराव पेशव्यांनी, १७९२ साली. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अधिकारी होते, त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती. पुढे पेशवाई गेली, फौज गेली, देऊळ राहिलं. कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते अर्पण झालं, ते इंग्रजी पलटणींसाठी. सेंट पॅट्रिक्स १८५० च्या सुमाराचं, आयरिश कॅथलिक सैनिकांसाठी. १९४७ नंतर त्या पलटणी बोटीत बसून निघून गेल्या. त्यांच्यामागून कितीतरी अँग्लो-इंडियन घरं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. इतक्या मोठ्या देवळांत रविवारी बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली असतील, तेव्हा मागे राहिलेल्यांना काय वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

त्याच बाकांवर मग तमिळ, मल्याळी, गोंयकार, मराठी, ईशान्येकडून शिकायला आलेली मुलं येऊन बसली. पुण्याचं जवळपास प्रत्येक जुनं देऊळ ज्यांच्यासाठी बांधलं ते लोक कधीचेच गेले आहेत. आमची मराठी मंडळीही मूळची इथली नाही. पुष्कळांचे पणजोबा नगर-जालन्याकडून आले: कुणी दुष्काळात, कुणी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, कुणी रेल्वेत, बायका मिशनच्या दवाखान्यांत नर्स म्हणून. त्यामुळे वाघोलीला गेलेलं कुटुंब ‘तुटलं’ असं कुणी म्हणालं की मी त्यांना जुनी वही उघडून दाखवते.

१९७० साली नेमकं काय झालं? आमची आजी अजून ‘आपण स्कॉटिश मिशनचे’ म्हणते.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेची संयुक्त मंडळी (स्कॉटिश मिशन यातलंच), बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट अशा सहा धारा एकत्र आल्या. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले, म्हणून पुण्यात त्यांची देवळं आजही वेगळी आहेत.

मिळालं पुष्कळ. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि जाणतेपणीचा बाप्तिस्मा, दोन्ही एकाच मंडळीत मान्य झाले. पुढे स्त्रियांनाही पाळक म्हणून दीक्षा मिळू लागली. एकाच गल्लीतल्या दोन ख्रिस्ती घरांनी वेगवेगळ्या देवळांत जाऊन एकमेकांना परकं समजणं कमी झालं. गेलं तेही खरं आहे. प्रत्येक परंपरेची स्वतःची प्रार्थनेची भाषा होती, पाठ झालेली. मध्येच कुणी थांबलं तरी मागचा बाक ते वाक्य पूर्ण करायचा. नवी विधिपुस्तिका आली तेव्हा वयस्क माणसं पहिल्यांदा पुस्तकात बघून प्रार्थना करू लागली. आजीला ‘आता तसं म्हणायचं नाही’ असं सांगू नका. त्या मिशनमध्ये उपासना कशी व्हायची ते विचारा आणि लिहून घ्या.

ऑर्गन का वाजत नाही? आणि गाण्यांच्या चाली का बदलल्या?

पाइप ऑर्गनच्या भात्याचं कातडं पुण्याच्या उन्हाळ्यात वाळतं, पावसाळ्यात फुगतं, लाकडाला वाळवी लागते आणि दुरुस्त करणारा माणूस देशात शोधावा लागतो. खर्च ऐकला की कमिटी गप्प होते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो झाकून ठेवलेला असतो आणि शेजारी कीबोर्ड असतो. माझं मत: वाजत नसला तरी काढू नये. काढलेला ऑर्गन परत बसत नाही.

चालींचं नुकसान मला ऑर्गनपेक्षा मोठं वाटतं. मराठी ख्रिस्ती गाण्याची खरी घडण अभंग, ओवी, पदं आणि कीर्तनाच्या अंगाने झाली. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन गावोगाव नेलं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९१९ मध्ये गेले. त्या चोवीस वर्षांत त्यांनी जी भजनं दिली त्यांवर आजही आमची उपासना उभी आहे. पण ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकात गाण्यावर नुसती चाल अमुक, असं छापलेलं असतं. ज्या गाण्याची चाल म्हणून उल्लेख आहे ते मूळ पद आता कुणालाच येत नाही. चाल कागदावर कधी नव्हतीच, ती पेटी वाजवणाऱ्या काकांच्या बोटांत आणि दुसऱ्या बाकावरच्या मावशींच्या गळ्यात होती. काका गेले की गाणं पुस्तकात राहतं आणि कुणी म्हणत नाही.

म्हणून तरुण संघाने आता एक काम हाती घेतलं आहे. वयस्कांच्या घरी जायचं, पुस्तक समोर ठेवायचं, येतील ती गाणी त्यांच्याकडून म्हणवून घ्यायची आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं. सुरुवातीला म्हणणाऱ्याचं नाव, गाव आणि ही चाल कुणाकडून शिकली ते बोलून घ्यायचं. आवाज थरथरला तरी चालेल, मध्ये कुकरची शिट्टी झाली तरी चालेल. नवीन गाणी, गिटार, पडद्यावरचे शब्द यांना आडकाठी नाही. रविवारच्या उपासनेत एक जुनं भजन पेटी-तबला-झांजेवर, पूर्ण कडव्यांसह, एवढाच आग्रह आहे.

पंचहौदच्या घंटा अजून आहेत का?

गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाच्या, म्हणजेच पंचहौद मिशनच्या देवळाच्या, मनोऱ्यात आठ घंटांचा संच आहे, इंग्लंडमधून आणवलेला. इंग्लंडातल्यासारख्या आठ घंटा क्रम बदलत वाजवण्याची सोय असलेले मनोरे भारतात मोजकेच. १८८५ मध्ये हे देवालय काउली फादर या इंग्लंडमधल्या अँग्लिकन संन्यस्त संघाने उभं केलं, आणि त्यांच्या जोडीला तिथल्याच वाँटेज संघाच्या भगिनी (नन्स) मुली आणि बायकांमध्ये काम करत होत्या. परदेशी फादर आणि भगिनी काळाच्या ओघात गेल्या. देवालय आज पुणे धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे आणि उपासना मराठीत होते.

पंचहौद मिशनच्या चहाचं प्रकरण हेच का?

हेच ठिकाण. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने गेलेल्या पुण्याच्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आला. गोपाळराव जोशींनी नावं फोडली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजलं. त्यात रानडेही होते आणि लोकमान्य टिळकही. एका कप चहावरून प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आज त्याच शहरात आमच्या उपासनेनंतरच्या चहाला शेजारचे दुकानदार, वॉर्डातले कार्यकर्ते, शाळेतले हिंदू-मुस्लिम पालक सगळे येऊन बसतात. हा बदल कुणी साजरा करत नाही, पण मला तो फार मोलाचा वाटतो.

माझा, आईचा किंवा पणजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला कसा मिळेल?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. तीन गोष्टी लागतात: नाव (बाप्तिस्म्यात ठेवलेलं, घरातलं नव्हे), वडिलांचं नाव आणि अंदाजे साल. देऊळ कोणतं हे नक्की नसेल तर घर कुठल्या पेठेत होतं आणि नोकरी कुठे होती ते सांगा; त्यावरून माग काढता येतो. बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), विवाह आणि दफन यांच्या वह्या वेगवेगळ्या असतात. एकीत नाही सापडलं तर दुसरीत पाहायचं. लग्नाच्या नोंदीत वय मिळतं, त्यावरून जन्मसाल काढून पुन्हा बाप्तिस्म्याच्या वहीकडे यायचं.

जुनी वही एकदा येऊन पाहाच. आडवी, जाड पुठ्ठ्याची, पाठीवर कातडं, कडा वाळवीने खाल्लेल्या. शाईचा काळा रंग तपकिरी झालेला, आणि लोखंडी शाई जिथे घट्ट पडली तिथे कागदच चिरलेला. एका रकान्यात बापाचा धंदा: पलटणीत बँडवाला, मिशनशाळेत पंतोजी, रेल्वेत खलाशी, साहेबाकडे बटलर. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतरच्या पानांवर आईबापांचा रकाना ओळीने रिकामा आहे. मुलांना आणलं तेव्हा विचारायला कुणी उरलं नव्हतं. त्या पानावर आले की मी घाईने उलटत नाही. आज त्यांतल्या कुणाच्या तरी पणतीला मी दाखला लिहून देत असेन.

कॅथलिकांकडे एक शिस्त फार चांगली आहे. माणसाचं लग्न कुठेही होवो, त्याची सूचना बाप्तिस्मा झाला त्या धर्मग्रामाला जाते आणि मूळ नोंदीच्या समासात लिहिली जाते. त्यामुळे लग्नाच्या वेळी ताजा दाखला मागतात. वीस वर्षांपूर्वीचा चालत नाही. आमच्यात हे सक्तीचं नाही, पण करायला काय हरकत आहे?

मंडळ्या एकत्र झाल्या तर वह्या नव्या मंडळीकडे किंवा धर्मप्रांताच्या कार्यालयात जायला हव्यात, आणि कोणत्या वह्या कुणी कुणाला दिल्या याची सही-तारखेसह यादी हवी. कुणाच्या घरच्या माळ्यावर ‘सुरक्षित’ ठेवलेली वही ही हरवलेलीच वही समजा. इंग्रज आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या नोंदी शोधणाऱ्यांना आणखी एक वाट आहे: मुंबई इलाख्यातल्या देवळांच्या नोंदींच्या प्रती त्या काळी लंडनला जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

हा दाखला जन्मदाखल्याऐवजी चालतो का?

१ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांना जन्माचा पुरावा म्हणून सरकारी जन्मदाखलाच लागतो. आधी जन्मलेल्यांच्या बाबतीत ज्या त्या कार्यालयात विचारा. मुलाचा बाप्तिस्मा करायला येताना महापालिकेचा दाखला काढून झालाय ना, हे आम्हीही विचारतो.

आमच्या आजोबांच्या कबरीत दुसऱ्याला पुरलं. हे कसं चालतं?

या प्रश्नाला उत्तर देताना मलाही जड जातं. शहर वाढलं, दफनभूमी तेवढीच राहिली. म्हणून ठरावीक वर्षांनी तीच जागा पुन्हा वापरतात, बहुधा त्याच कुटुंबासाठी, आणि जिथे तशी व्यवस्था आहे तिथे अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. किती वर्षं, पक्की कबर बांधता येते का, नूतनीकरणाचं शुल्क किती, हे प्रत्येक दफनभूमीच्या समितीचं वेगळं असतं. कुटुंबाला पत्र पाठवल्याशिवाय जागा उघडू नये, हे माझं ठाम मत आहे. आणि पत्र पोचायचं तर कुटुंबानेही पत्ता बदलल्याचं कळवायला हवं. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. जुना दगड काढावा लागला तर आधी त्यावरचा मजकूर उतरवून आणि फोटो काढून दफनाच्या वहीत जोडावा.

सोलापूर रस्त्यावरच्या सेंट सेपल्कर दफनभूमीत गेलात तर इंग्रजांच्या जुन्या कबरी दिसतील, कितीतरी तान्ह्या बाळांच्या, पटकीने गेलेल्या विशीतल्या शिपायांच्या. त्यांचं इथे कुणी नाही. खडकीच्या युद्धस्मारक दफनभूमीकडे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाचं लक्ष आहे म्हणून तिथलं गवत कापलेलं असतं. बाकीच्यांचं आपणच पाहायचं. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आपल्या कबरीवर मेणबत्ती लावून झाली की शेजारच्या अनोळखी कबरीवरही एक लावा. आमच्याकडे मुलांना ही सवय लागली आहे.

भिंतींना ओल आली आहे. सिमेंटचा गिलावा करून टाकायला काय हरकत आहे?

मोठी हरकत आहे. काळ्या दगडाची भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना पाणी शोषतो आणि उन्हात सोडून देतो. वरून सिमेंट थापलं की आत शिरलेलं पाणी बाहेर निघू शकत नाही. ते आतल्या बाजूने वर चढतं, क्षार फुटतात, रंगाचे पोपडे पडतात आणि दोन पावसाळ्यांनंतर गिलाव्यासकट दगडाचा पृष्ठभागही सुटतो. दरजा चुन्यानेच भरायच्या. त्याआधी छपरावर चढून मंगलोरी कौलं, पन्हळी आणि कैच्यांची (छप्पर पेलणाऱ्या लाकडी सांगाड्यांची) भिंतीत टेकलेली टोकं पाहायची. ओल बहुतेक वेळा भिंतीची नसतेच. फुटलेल्या पन्हळीतून आलेली असते, आणि सागवानी कैचीचं टोक आतल्या आत कुजत असतं. हे काम जूनच्या आधी, दर वर्षी.

कॅम्पातल्या देवळांना दुरुस्तीसाठी कॅन्टोन्मेंट बोर्डाची परवानगी पाहावी लागते. शहरात वारसायादीत नाव असेल तर महापालिकेची वारसा समिती. देणगीदार उत्साहाने ‘फरशी बदलून देतो’ म्हणाले तरी आधी जुन्या फरशीचे, स्मृतिफलकांचे फोटो काढून ठेवा. एखाद्या घराला आपल्या आजीच्या नावाची पाटी तिथे होती एवढंच माहीत असतं, आणि ती नव्या ग्रॅनाइटखाली गेलेली असते.

देवळाची जागा विकली जाऊ शकते का?

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. त्याच्या कलम ३६ नुसार विश्वस्तांच्या ताब्यातल्या स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा देणगी धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय होत नाही. शेतजमीन १० वर्षांपेक्षा किंवा बिगरशेती जमीन आणि इमारत ३ वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाड्याने द्यायची तरीही परवानगी लागते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आपल्या ट्रस्टचा शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा, उतारा काढून घ्या. त्यावर कुणाची नावं आहेत ते पाहून पुष्कळांना धक्का बसतो, कारण त्यांतले काही जण केव्हाच देवाघरी गेलेले असतात. माझ्या ओळखीच्या एका मंडळीत वाद कोर्टात गेला तेव्हा ज्या बैठकीत ठराव झाला म्हणत होते तिचं इतिवृत्तच सापडलं नाही. सगळी भावना, सगळी साक्ष तिथे अपुरी पडली.

कोविडमध्ये गेलेल्यांची आठवण मंडळी कशी ठेवते?

मार्च २०२० ते १६ नोव्हेंबर २०२० आणि पुन्हा २०२१ मध्ये ७ ऑक्टोबरपर्यंत राज्यातली प्रार्थनास्थळं बंद होती. त्या काळात आमच्यातले कितीतरी जण गाण्याशिवाय, शवपेटीला खांदा न मिळता गेले. दफनाच्या वहीत त्या पानांवर पाळकांची सही आहे, पण ‘उपस्थित’ या मथळ्याखाली काहीच नाही. देऊळ उघडल्यावर आम्ही त्या सर्वांसाठी पूर्ण दफनविधीची प्रार्थना केली, एकेक नाव मोठ्याने वाचून. ज्यांची नावं तेव्हा राहिली त्यांच्या घरच्यांनी कधीही सांगावं, ती घेतली जातील.

यूट्यूबवरची उपासना चालू ठेवली आहे, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी. धडधाकट माणसाने मात्र बाकावर येऊन बसावं.

मुलं इंग्रजी शाळेत जातात. मराठी उपासना टिकेल का?

मुलांना मराठी बोलता येतं, ‘पवित्र शास्त्र’ वाचताना अडखळतात. शब्बाथशाळेत (रविवारच्या मुलांच्या वर्गात) एक वचन मराठीत पाठ आणि एक भजन, एवढं तरी चालू ठेवू. महिन्यातून एक रविवार तरुणांनी शास्त्रपाठ वाचायचा, आणि चुकले तर बाकांवरून कुणी दुरुस्त करायचं नाही. इंग्रजी उपासनेला जाणाऱ्या घरांना परकं मानू नका. नाताळच्या पहाटे आणि उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांच्या उपासनेला ती मराठीतच येतात.

आम्ही परदेशी असतो. देणगीशिवाय काय पाठवू?

जुने फोटो. लग्नाचे, नाताळच्या नाटकाचे, कापणीच्या सणाचे, गायनवृंदाचे. मूळ प्रत तुमच्याकडेच ठेवा, स्कॅन करून पाठवा. कोण कुठे उभं आहे ते डावीकडून उजवीकडे लिहा; साल आठवत नसेल तर ‘धाकट्या काकांच्या लग्नाच्या आधी’ असं लिहिलं तरी आम्हाला पुरतं. आईला किंवा मावशीला फोटो दाखवून विचारणार असाल तर या महिन्यातच विचारा. सोबत तुमचा आत्ताचा पत्ता द्या आणि मुलांचे बाप्तिस्मे कुठे झाले ते कळवा, म्हणजे इथल्या नोंदीच्या समासात लिहून घेता येईल.